बायी

भिंतीत सहा खिळे.
पहिल्यावर सायकलचा आरा, टोक वाकवून फास केलेला,
पोटातली माती ओढून काढायला.
मग करवंटीचा तुकडा, गालांसाठी.
करवतीच्या पात्याचं मोडकं टोक, चिंधी गुंडाळलेलं.
छत्रीची काडी. तिनं फक्त बुबुळं.
दात पडलेला कंगवा, मिशीसाठी.
आणि शेवटच्या खिळ्यावर कोरणी,
चिव्याची, तेल पिऊन काळी झालेली.
तिच्या पाठीवर खोबण आहे
भरमाण्णांच्या उजव्या अंगठ्याची.
चाळीस वर्षं एकाच जागी दाबलं
की चिव्यालाही माणूस कळतो.

मी डावरी.
लग्न होऊन खानापुरात आले तेव्हापासून
माती चाळण्यापासून रंगापर्यंत सगळं माझं,
कोरणी तेवढी नाही.
"देवाच्या अंगाला डावा हात?"
सासरे एवढंच म्हणायचे,
आणि मी चिखल तुडवायला जायची.
पायांना डावं-उजवं कुणी विचारत नाही.

शिमग्यानंतर त्यांच्या अंगावरून वारं गेलं.
उजवी बाजू.
आता चहाची बशी त्यांच्याही डाव्या हातात,
अर्धा चहा लुंगीवर.
ह्यावर घरात कुणी काही बोलत नाही.

चवथीचे गणपती नवऱ्यानं साच्यातून काढले,
एका सोंडेचे, एका नजरेचे,
ट्रॅक्टर भरून बेळगावला गेले.
उरली पाटीभर माती. ती जोकमाराची.
त्याला साचा नाही.
सात दिवसांच्या देवाला साचा कोण करतंय?

अष्टमीच्या आदल्या दिवशी बाळव्वा आली.
बुट्टी उतरवून उंबऱ्यावर टेकली,
पदरात बांधलेली जोंधळ्याची पुरचुंडी सोडत म्हणाली,
"बायी दोड्डद माडव्वा."
पहिल्या वर्षी हे ऐकून मला वाटलं होतं,
बाई मोठी करायला सांगतेय.
केली. जोकमाराच्या शेजारी
ढोपराएवढी बाई थापली, अंबाड्यासकट, नुसत्या बोटांनी.
कुंभारगल्ली दोन दिवस हसत होती.
बाळव्वा हसली नाही.
तिनं आ वासला, आत बोट दाखवलं:
बायी. तोंड.
घरोघरच्या बाया लोणी लावतात तिथं.
माझी बाई मग गोळ्यात परत गेली.
अंबाडा मात्र चांगला जमला होता.

तर यंदा तोंड.
कोरणी डाव्या हातात धरली तर खोबण भलत्याच बाजूला,
टोक घसरतंय, ओठ फाटतोय.
लिंपला. परत फाटला.
तिसऱ्यांदा मी उठले,
फुटक्या बाटलीची काच आणली
आणि खोबण तासायला बसले.
काळ्या खालचा चिवा पिवळा निघाला,
कालच तोडल्यासारखा.

बाजेवरून आवाज आला, जड जिभेचा:
"लई घासू नगो. मोडंल."
मी थांबले.
बराच वेळ गेला. बाहेर कुणीतरी बकरी हाकलत होतं.
"ओठाकडनं नव्हं," ते म्हणाले,
"टाळूकडनं ये. आतनं भाईर."

टाळूकडून आले.
माती सालीसारखी गोल वळून निघाली,
एकाच ओढीत.
अंगठा जिथं बसला तिथं आता काहीच नव्हतं,
सपाट, थोडं खरबरीत.
मान वर केली की समोर त्यांचं तोंड,
डावीकडं ओढलेलं, ओलं.
खाली बघितलं की हे.

सकाळी बाळव्वानं बुट्टीत कडुलिंब पसरला,
जोकमाराला बसवलं,
तोंडात दोन बोटं घालून मापलं.
"साकु."
"वाकडं झालंय," मी म्हटलं.
तिनं मान तिरपी केली, त्याच्याएवढीच.
"नगाक हत्त्यान."
हसतोय म्हणे.
आणि बुट्टी डोक्यावर घेऊन निघाली
मलप्रभेकडच्या गल्लीनं.

पुनवेला रात्री धोब्याच्या दगडावर आपटतील त्याला.
आपटू देत.
कोरणी मी अजून धुतली नाही.
तासलेल्या जागी तेल लावायचं राहिलंय.